सेफ्टी व्हॉल्व्हवरचं हळदीकुंकू

कंप्रेसरच्या टाकीवरचा दाबाचा काटा लाल पट्टी ओलांडून गेला होता आणि संतोष त्याच टाकीवर पाय ठेवून फोनवर बोलत होता.

"संतोष, इंजिन बंद कर!" मी मोटारसायकलवरूनच ओरडलो.

त्यानं हात वर केला. म्हणजे थांबा, कॉल चालू आहे.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याचा उपयोग झाला. संतोषनं इंजिन बंद केलं. मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं, हवेचा लांब पाइप पिकअपच्या पलीकडे नेला आणि त्याच्या टोकाच्या गनचा ट्रिगर दाबून धरला. काटा खाली येईपर्यंत तो सोडला नाही.

मी जालन्यात कंप्रेसर दुरुस्त करतो. कंप्रेसर म्हणजे हवा दाबून टाकीत कोंडणारं मशीन. संतोषचं राजूरला छोटं दुकान आहे, पण खरा धंदा पिकअपवर. मागे हौद्यात पेट्रोल इंजिनचा कंप्रेसर बसवलाय. ट्रॅक्टर, जेसीबी, हार्वेस्टर ही जड मंडळी शेतात बसली की दुकानापर्यंत येत नाहीत, म्हणून दुकानच त्यांच्याकडे जातं. त्या एकाच हवेवर टायर फुगतो आणि चाकाचे नट खोलायची इम्पॅक्ट गनही चालते.

मला त्यानं किरकोळ तक्रारीसाठी बोलावलं होतं. "रफिकभाई, मशीन कटऑफ घेत न्हाई. जल्दी पाहून द्या. टेंभुर्णीच्या शिवारात हार्वेस्टरचा टायर बसलाय, मालक सारखा फोन करून राह्यला."

टाकी भरली की हवा भरणं थांबतं, त्याला कटऑफ म्हणतात. ते काम पायलट व्हॉल्व्ह नावाचा छोटा भाग करतो. तो धुळीनं अडकला होता. शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या मशीनला हे दुखणं असतंच. खोलला, साफ केला, बसवला. पण माझं डोकं दुसरीकडे होतं. पायलट अडकला तरी टाकी फुटत नाही, कारण तिच्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब हद्दीबाहेर गेला की कुकरच्या शिट्टीसारखा तो आपोआप उघडतो आणि हवा सोडून देतो. इथे तो उघडलाच नव्हता.

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे पितळेची एक छोटी टोपी, वर ओढायची रिंग. रिंग ओढली की फस्सकन हवा सुटायला हवी. मी ओढली. हलली नाही. पकडीनं ओढली, तरी नाही. टोपीवर तांबडापिवळा जाड थर बसला होता. आधी वाटलं गंज आहे. नखानं खरवडून वास घेतला, तर हळद.

"हे काय रे?"

संतोष घराच्या ओट्याकडे पाहायला लागला. घर दुकानाला लागूनच आहे. "आई लावती. रोज गाडी निघायच्या आधी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "रफिकभाई, तिला सांगू नका. व्हॉल्व्हच खराब निघाला म्हना."

"का?"

"बापाचा हात मळणी मशीनमधी गेल्ता, तवापासून लावती. तिच्यामुळं माझं काही झालं असतं, हे कळलं तर ती जेवायची न्हाई."

खरं सांगतो, मला ते पटलं. शिवाय माझं नाव रफिक. दुसऱ्याच्या आईच्या हळदीकुंकवावर मी बोट ठेवायचं, हे मलाच कसंतरी वाटत होतं. नवा व्हॉल्व्ह बॅगेत होताच. तो बसवून गुपचूप निघता आलं असतं. पण नव्याची टोपी जुन्यापेक्षा चकचकीत होती, आणि उद्या सकाळी तिच्यावर काय लागणार ते मला स्पष्ट दिसत होतं.

"मी सांगणार," मी म्हणालो. "नाही सांगितलं तर हा नवा व्हॉल्व्हही काढायला मला परत यावं लागेल. तेव्हा तू असशील का?"

संतोषच्या आईला मी मावशी म्हणतो. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी तो अडकलेला व्हॉल्व्ह त्यांच्या हातावर ठेवला.

"मावशी, नेमकं ह्यालाच का लावता?"

"मंग कुठं लावू? सगळी मशीन लाल. लालवर कुंकू दिसतं का? ही तेवढी पिवळी, समईवानी. तेलाचं बोट लावते, म्हंजी पडत न्हाई."

कारण बिनतोड होतं. तरी मी सांगितलं. जास्तीची हवा इथून बाहेर पडते, तेलानं आणि कुंकवानं ती वाट बुजली, आज टाकी फुटली असती आणि संतोष तिच्याजवळच उभा होता.

मावशींचे हात थांबले. त्यांनी संतोषकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. संतोष मला खाऊ की गिळू करत होता. आपण उगाच बोललो असं मला वाटलं. फार वाईट वाटलं.

मग मावशींनी विचारलं, "हे चालू हाय का बंद हाय, कळतं कसं?"

"टाकीत हवा भरून ही रिंग ओढायची. फस्स आवाज आला की बरोबर."

"कवा ओढायची?"

"रोज."

"मंग रोज कोन ओढतं?"

मी संतोषकडे पाहिलं. संतोष स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"असं हाय का," मावशी म्हणाल्या. "मंग मी ओढीन. दाखवा मला."

त्या दिवशी संतोष टेंभुर्णीला गेला नाही. इतका दाब सोसलेली टाकी तपासल्याशिवाय वापरत नाहीत. आत पाणी भरून, दाब देऊन पाहतात. मी टाकी जालन्याला नेली. संतोष चिडला, हार्वेस्टरवाला त्याहून चिडला. टाकी पास झाली. परत बसवली तेव्हा मावशींना शिकवलं, तोंड बाजूला करायचं आणि रिंग ओढायची. पहिल्यांदा हवा सुटली तशा त्या "आगं माय!" करून मागे सरल्या. मग पदर खोचून परत ओढली. हळदीकुंकू आता पिकअपच्या पांढऱ्या दाराला लागतं. तिथे ते दिसतंही छान.

रिंग रोज ओढा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. सगळे हो म्हणतात, ओढत कोणी नाही. आणि खरं सांगितलं तर समोरचा मोडून पडेल, असं आपल्याला उगाच वाटतं. बहुतेक वेळा तो कामाला लागतो.

परवा सकाळी फोन आला. "रफिकभाऊ, संतोषची आई बोलते. आज आवाज बारीक आला. गाडीची किल्ली मी काढून घेतली. पोरगं बोंबलून राह्यलं, बोंबलू द्या. तुमी या."

गेलो. व्हॉल्व्हला काही झालं नव्हतं. संतोषनं घाईत टाकीत हवाच कमी भरली होती. जालना ते राजूर फेरी फुकट गेली. अशा फुकट फेऱ्या मला आयुष्यभर चालतील.