कापणं मास्तरांचं, तुरपाई माझी

मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. खांद्याकडे बघत. भोकरदनच्या बाजारात कोणी रामराम घातला, की ते आधी म्हणायचे, "डावा खांदा उतरलाय तुमचा, ओझं एकाच बाजूला घेता का?" घरची खुशाली नंतर विचारायचे. नावं ते विसरत, मापं विसरत नसत. कितीतरी वर्षांनी दुकानात आलेल्या एका माणसाला ते पायरीवरच म्हणाले होते, "कंबर चार इंच वाढली. लग्न झालं वाटतं." झालं होतं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर, शाळेचे नव्हेत. त्यांच्या दुकानात मी सत्तावीस वर्षं काज-बटण आणि तुरपाई केली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा अंकुशनगरला उसाच्या कामाला गेला आणि तिकडेच त्याने दुसरं घर केलं, म्हणून मी सुई धरली. यात सांगण्यासारखं जास्त काही नाही. मास्तरांना मात्र त्यात एक अख्खं पुस्तक सापडलं.

कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकासमोर त्यांनी माझी तुरपाई उलटून पाहिली. मी सुई गादीत टोचली आणि उठले. मी म्हणाले, "भरोसा नसंल तर स्वतः करा." मास्तरांनी कापड खाली ठेवलं. मग म्हणाले, "बसा सुभद्राबाई. कापणं माझं, तुरपाई तुमची. मी कापलेल्यात तुम्ही बोलायचं न्हाई, तुमची तुरपाई मी उलटून पाहणार न्हाई." हा नियम त्यांनी पाळला. मी तेवढा पाळला नाही. वाईट कापलेलं दिसलं की मी बोलायचे.

ते वाचायचे फार. वाचनालयातली कादंबरी मशीनच्या फळीवर उघडी ठेवून एका हाताने इस्त्री फिरवायचे. त्यापायी एका लग्नाचं जाकीट जाळलं. घरी ते उर्दू बोलत. मराठी पुस्तकं कशाला वाचता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अम्मी उर्दूत रागवायची, गिऱ्हाईक मराठीत. अम्मी गेली, गिऱ्हाईक अजून रागवून राह्यलं."

पुढे तयार कपड्यांची दुकानं वाढली. शाळेचे गणवेश बाहेरून शिवून यायला लागले. आमच्याकडे म्हाताऱ्यांचे पायजमे आणि जाड बायांची ब्लाऊजं राहिली, कारण त्यांच्या मापाचं तयार मिळत नाही. मास्तरांची साठी उलटली होती. एक दिवस त्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाले, "सुभद्राबाई, एक कादंबरी करून राह्यलो."

मी विचारलं, "कोणाची?"

"कोणाची म्हणजे? आपलीच."

"मंग घ्यायला कोण येणार?"

यावर ते हसले. जुन्या मापाच्या वह्यांत कोरी पानं उरली होती, त्यांत त्यांनी लिहायला घेतलं.

लिहायची रीत दुकानाचीच होती. आधी कच्चं टाचायचं, मग ट्रायल घ्यायची. ट्रायल माझ्यावर. मी काजं करायचे, ते वाचायचे आणि मधेच थांबून विचारायचे, "कुठं ताणतंय?" पहिल्या भागात तर माणूस आला की त्याची छाती, कंबर आणि मुंढा यायचा. मी म्हणाले, "ही कादंबरी है का मापाची वही?" तो भाग त्यांनी उसवला. पुढच्या वेळी मापं नव्हती, पण माणसं डोळ्यांपुढे उभी राहिली. तेही मी सांगितलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जास्तीचं कापड फेकायचं न्हाई, शिवणीत आत ठेवायचं." कपड्यात ते मला आधीपासून कळत होतं. पुस्तकात कळायला वेळ लागला.

कादंबरीतल्या बाईचं नाव सरूबाई. तिचा नवरा उसाच्या कामाला जातो आणि परत येत नाही. मी म्हणाले, "ही मी है." मास्तर म्हणाले, "खांदा तुमचा है. बाकी माझं." मी ते सोडून दिलं. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीतच होती, लपवायचं काय.

मग दोन बाह्यांची गोष्ट झाली. शाळेतल्या एका बाईंचं ब्लाऊज होतं. मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. शिकाऊ माणूस असं करतो. मी बाह्या एकीवर एक ठेवून त्यांच्या पुढ्यात सरकवल्या. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिल्या, आणि तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही. सुई ओवायला ते काही महिने मला देत होते. मला वाटलं होतं, आळस आहे.

संभाजीनगरच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, राहिलेली किती टिकेल त्याचा भरवसा नाही. मास्तरांनी कात्री फडक्यात गुंडाळून ठेवली आणि सकाळपासून लिहायला लागले. मी स्पष्ट म्हणाले, "नजर उरली तेवढ्यात चार ब्लाऊजं शिवा. कादंबरी काय अंगात घालता येते?"

ते म्हणाले, "चाळीस वर्षं शिवलं. त्यातलं एक तरी कापड आज कोणाच्या अंगावर है?"

"फरशी पुसायला लागलं असंल."

"मंग? नजर जायच्या आधी हे एक पुरं करू द्या."

झालं नाही. तीन भाग राहिले आणि ओळीवर ओळ चढायला लागली. एका पानावर त्यांनी तेच वाक्य चार वेळा लिहिलं होतं, एकमेकांवर. मी ते दाखवलं नाही, सांगितलं. त्यांनी वही माझ्याकडे दिली. बायको वारलेली, मुलगी नसरीन जाफराबादला दिलेली, महिन्यातून एकदा यायची. राहिले कोण, तर चौथी पास मी.

ते सांगायचे, मी लिहायचे. माझं अक्षर मोठं, एका पानावर दहा ओळी. कुठे थांबायचं मला कळत नसे, म्हणून ते वाक्य संपलं की "गाठ मारा" म्हणायचे. मी टिंब द्यायचे. उठायच्या आधी दिवसभराचं वाचून दाखवायला लावत. दोन भाग असे झाले. दोघांचंही डोकं दुखायचं.

शेवटच्या भागात सरूबाईचा नवरा परत येतो. माझाही आला होता, नऊ वर्षांनी. दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला होता, "चल." मी हातातलं काज पुरं केलं आणि म्हणाले, "ही शर्टं आज द्यायचीत." तो बसला. मी दुसरं काज घेतलं. संध्याकाळच्या गाडीने तो गेला. मास्तर मशीनवर होते. त्या दिवशी किंवा नंतर ते त्यावर अक्षर बोलले नव्हते.

आता ते सांगायला लागले: सरूबाई सुई टोचून ठेवते, उठते, दार उघडते आणि म्हणते, आत या, पाणी घ्या.

माझा हात थांबला. "हे खोटं है."

"कादंबरी है, सुभद्राबाई."

"तुम्ही होता ना तिथं?"

"होतो. म्हणून तर." मग म्हणाले, "तो बसला होता तोवर मला वाटून राह्यलं होतं, बाई उठंल. उठायला पाहिजे होतं."

इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून हे मनात ठेवून होता. मला राग आला. मी वही पुढे ओढली. त्यांनी चार वाक्यं सांगितली, मी लिहिलं.

"गाठ मारली?"

"मारली."

त्या दिवशी मात्र त्यांनी वाचून दाखवा म्हटलं नाही.

पुस्तक जालन्याला छापलं. वाचनालयात छोटा कार्यक्रम झाला. कॉलेजातले एक सर बोलले, की शेवट सगळ्यात चांगला आहे. नवरा दारात बसलेला आहे आणि बाई पुढचं काज घेते. लेखकाने इथे हात आवरला, दुसऱ्या कोणी रडारड केली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या घरी गेले तेव्हा नसरीन त्यांना शेवटचं पान वाचून दाखवत होती. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग तिला चहा करायला आत पाठवलं.

"हे कापड माझं न्हाई, सुभद्राबाई."

"तुरपाई है. ती माझी."

"उलटून पाहायचं न्हाई, असं ठरलं होतं."

"मंग पाह्यलं कशाला?"

"पाह्यलं कुठं. ऐकलं." त्यांनी हात पुढे करून पुस्तक चाचपलं, कडेवरून बोट फिरवलं, कापडाच्या काठावर फिरवतात तसं. "बराबर बसलं," ते म्हणाले. "मला पटलं न्हाई. पण बसलं."

पुढे कोणी शेवटाची तारीफ केली, की ती ते घ्यायचे. मी घेऊ दिली. दुकानाच्या पाटीवर कापणाऱ्याचं नाव असतं, तुरपाई करणारीचं नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मास्तर गेल्या थंडीत वारले. दुकानात आता मोबाइल दुरुस्त करतात. कात्री नसरीनने मला दिली. कात्रीला आता धार नाही, पण मी लावून घेतलेली नाही. लिहायची सवय तेवढी राहिली, म्हणून हे लिहिलं, आणि गाठी आता मी माझ्या मारते.

त्यांनी सांगितलेली ती चार वाक्यं कुठेही लिहिलेली नाहीत. मला पाठ आहेत. सरूबाई उठते, दार उघडते, पाणी देते. चौथं वाक्य मी सांगणार नाही. खोटं होतं, पण चांगलं कापलेलं होतं.