दोन बादल्यांची फरशी

"आधी सुटं जाऊ दे, मंग घास," असं म्हणत मावशी डबा तिरका धरायच्या. पाणी फेकायचं नाही, सोडायचं. अंगणाच्या उंच कडेवरून ते निघे आणि लिंबाचा पाला, वाळू, काड्या ढकलत मोरीकडे जाई. मोरीच्या तोंडाशी पोत्याचा तुकडा असे. पाला तिथं अडे. एखादं काम इतक्या सावकाश आणि इतक्या कमी पाण्यात करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी तोवर पाहिली नव्हती.

नव्वदनंतरची गोष्ट. मंठ्याकडच्या गावातून मी जालन्याला मुलींच्या वसतिगृहात आले होते. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. मावशी तिथं सात वर्षं झाडलोट करत होत्या, पण तात्पुरत्या. एका सोमवारी समितीच्या बाई पाहणीला येणार होत्या. काम पटलं तर मावशी कायम होणार होत्या.

त्या सकाळी त्यांच्या गल्लीतला नळ उशिरा आला, म्हणून त्याही उशिरा. मला वाटलं, आपण मदत करावी. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की शेणाचा सडा. समोरच्या गवळ्याकडून शेण आणलं, झाडलं न झाडलं आणि सगळ्या अंगणात सडा टाकला. मातीत तो मुरतो. शहाबादी फरशीवर हिरवी डबकी साचली.

मावशी दारातच थांबल्या.

"काय करून राह्यली गं, माय?"

"सडा..."

"फरशीला? आता चूल बी मांड! भाकरी थापू दोघी."

मला रडू आलं. टाकीत जेमतेम दोन बादल्या उरल्या होत्या.

"रडून पाणी न्हाई वाढत. पोतं धर बराबर."

पहिली बादली नुसती सुटं वाहून न्यायला गेली. मग त्यांनी खराटा घेतला. दुसरी संपली तेव्हा फरशीचा करडा रंग वर आला होता, पण फरशी ओली होतीच.

पाहणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "पाण्याची इतकी टंचाई, आणि अंगण धुता?"

मावशी खाली बघू लागल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मोठ्या माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते. तरी म्हणाले, "चूक माझी होती, बाई. मी शेण टाकलं. मावशींनी दोनच बादल्यांत काढलं."

बाई वाकल्या, फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवलं, ते पाहिलं. "दोनच?" एवढंच विचारलं.

आता त्या वसतिगृहात मी नाही. मावशीही केव्हाच निवृत्त झाल्या असतील. मला त्या आठवतात महिनाभरानंतरच्या, ऑफिसातल्या कायम नोकरांच्या हजेरीपटासमोरच्या. "उजेड सोडा जरा," असं दारात गर्दी केलेल्या आम्हा मुलींना म्हणून त्यांनी पहिली सही केली, एकेक अक्षर जोडत. ओल्या हाताने शेवटचं अक्षर फुटलं. त्यावर त्या किती तरी वेळ हळूहळू फुंकर घालत राहिल्या.