गालमिस्त्री

आमच्या गावच्या गवंडी चाचांकडे ओळंबा होता, थापी होती, कच्च्या विटा पाडायचा लाकडी साचा होता. पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे त्यांचा उजवा गाल. मातीची भिंत वाळली की नाही, हे ठरवायला ते डोळे मिटून तिला गाल लावत आणि बराच वेळ तसेच उभे राहत. भिंत गार लागली म्हणजे आत ओल आहे, पुढचा थर बंद. मग दाढीला लागलेली माती झटकत म्हणायचे, "अजून न्हाई." सारं गाव त्यांना गालमिस्त्री म्हणायचं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचा हंगाम हिवाळ्याचा. दिवाळी झाली की पाटोद्याकडचं आमचं अर्धं गाव गाड्या जुंपून साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जायचं आणि त्या सुन्या गावात चाचांच्या विटा पडायला लागायच्या. उन्हाळ्यात लवकर वाळतील की, असं कुणी सुचवलंच तर उत्तर ठरलेलं. "उन्हाळ्याचं ऊन भिंत भाजतंय बे. वाळवतंय ते हिवाळ्याचं."

त्या दुष्काळाच्या साली आमच्या जुन्या घराची तुळई वाळवीनं खाल्ली आणि वरचं मातीचं माळवद खाली आलं. आमचे हे गावच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव, म्हणून संस्थेच्या खोलीत आसरा तरी मिळाला. एका भिंतीला दुधाचे कॅन, दुसऱ्या भिंतीला चूल, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. उजाडलं की दूध घालणाऱ्यांची दारात रांग. फरशी कायम ओली. आणि मला सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझे आईबापच उसाच्या फडावर कोपीत राहत होते. संक्रांतीच्या आत बाळाला टेकवायला एक कोरडी खोली उभी राहावी, एवढंच माझं मागणं होतं.

विहिरीनं तळ गाठलेला. प्यायला पाणी नाही, तिथं चिखलाला कोण देणार? चाचा म्हणाले, "मातीला उष्टं पाणी चालतं बेटी. तिला इटाळ न्हाई." झालं. त्या दिवसापासून अंघोळीचं, भांड्यांचं, कॅन विसळलेलं सगळं पाणी एका खड्ड्यात जायला लागलं. चाचा, आमचे हे आणि पदर खोचून आत्याबाई त्यात भुसकट टाकून चिखल तुडवायचे. आमच्या घराच्या भिंती दूध पिऊन वाढल्या, असं मी अजून सांगते.

रोज हातभर भिंत चढवायची आणि हात धुवून मोकळं व्हायचं, हा चाचांचा नेम. दिवस मावळायच्या आत ते नव्या थरावर गोणपाट पांघरायचे, दहिवर पडू नये म्हणून. म्हणायचे, "नवी भिंत म्हंजी बाळंतीण. तिला वारं लागाय नगं." माझा जीव मात्र वरखाली होत होता. चाचा, उरका ना जरा, असा मी त्यांच्यामागे रोजचा धोशा लावला होता.

"कावून घाई करती? पोराला नऊ महिने देती, मातीला दोन दे की."

आत्याबाईंनी ते बाळंतिणीचं बोलणं मनावर घेतलं. दुपारी चाचा जेवायला गेले की दोन घमेल्यांत गोवऱ्या पेटवून त्या भिंतीच्या बुडाशी ठेवायच्या. बाळंतिणीला शेक नको का? मला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं कसलं, गोवऱ्या मीच काढून देत होते. चार दिवसांत भिंत छान ऊन लागायला लागली आणि आम्ही दोघी खूश.

पाचव्या दिवशी चाचांनी गाल लावला, काढला, पुन्हा लावला. मग नखानं भिंत थोडी टोकरली. आतून चिखल निघाला. "ही भिंत खोटं बोलती," ते म्हणाले. "वरून वाळली, आत पाणी कोंडलंय. माळवदाचा भार टाकला तर बसंल ही."

आत्याबाईंनी मान खाली घालून घमेली दाखवली. "तुमीच म्हणलात ना बाळंतीण हाय? मग शेकलं!"

चाचा विटांच्या ढिगावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उठले, पहार घेतली आणि स्वतः उभारलेली ती भिंत स्वतःच्या हातानं पाडली. एक शब्द लागेलसा बोलले नाहीत. मी मात्र तिथंच बसून रडायला लागले. माझी खोली गेली, तीही माझ्याच हातानं.

"रडू नको," पहार ठेवत ते म्हणाले. "माझ्या घरच्या भिंती वीस हिवाळे वाळल्यात. तिथं चल."

चाचीनं मधली खोली रिकामी केली, सारवली. त्यांच्या उंबऱ्याशी आत्याबाई क्षणभर थबकल्या. मग "मातीला न्हाई इटाळ, तर मला कशाचा?" असं स्वतःशीच म्हणून माझं गाठोडं घेऊन माझ्याआधी आत शिरल्या. संक्रांतीच्या आधी तिथंच माझी लेक जन्मली. चाची तिला शेक द्यायला बसली की चाचा बाहेरून ओरडायचे, "हां, हिला द्या! भिंतीला नगं!" माझ्या आईबापांनी करायचं ते सगळं या दोघांनी केलं. कधी बोलून दाखवलं नाही. आमची खोली पुढे पुरी झाली तेव्हा चाचांनी चारही भिंतींना गाल लावला, आणि मगच म्हणाले, "ने आता लेकीला."

पुढे गावात सिमेंट आलं. संस्थेची नवी इमारत झाली तेव्हा चाचा सवयीनं तिच्या भिंतीला गाल लावून उभे राहिले. "ही बोलतच न्हाई," म्हणाले आणि घरी गेले. नंतर त्यांना फारसं काम मिळालं नाही.

ते गेले तेही हिवाळ्यातच. मी तेव्हा लेकीकडे, तिच्या गावी गेले होते. तिला घेऊन पोचेपर्यंत माती देऊन माणसं परतली होती. चाची मधल्या खोलीत बसली होती. मी भिंतीपाशी गेले, डोळे मिटले आणि गाल लावला. भिंत ऊन होती, कोरडी होती. तशीच उभी राहिले, रडत.

चाचीनं मागून येऊन माझा खांदा धरला. "सरक बेटी, गाल वला हाय तुजा, पोपडा निघंल," ती म्हणाली. "आता लिंपाया कोण येणार हाय?"