खराडीच्या एसीत संत्र्याचं फूल

“मॅडम, यात संत्रं कुठे आहे?” बापटांनी कागदाची पट्टी तिसऱ्यांदा हुंगली.

“फळात. हा फुलाचा वास आहे,” मी म्हटलं.

मी सुगंध तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. त्या कागदाच्या पट्टीला आम्ही ब्लॉटर म्हणतो. तिच्यावर थेंब टाकायचा, हुंगायला द्यायचा आणि क्लायंटच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं. बापट हे खराडीतल्या एका आयटी कंपनीचे अॅडमिन मॅनेजर. त्यांच्याकडे एक मजला सदा वैतागलेला असायचा, आणि हवा यावी म्हणून खिडकी उघडली तर आत नदीचा वास. म्हणून एसीच्या डक्टमधून मन शांत करणारा सुगंध सोडायचा, असं वरून ठरलं होतं. चंदनाने बापटांना देवळात बसल्यासारखं वाटलं, लॅव्हेंडरने दवाखान्यात. आता संत्र्याच्या फुलाची पाळी होती.

आमची कंपनी तोवर फिनेलचे आणि कपड्यांच्या साबणाचे वास करायची. “एका मजल्याची ट्रायल पास झाली तर अख्खी बिल्डिंग आपली,” आमचे साठेसर म्हणाले होते. “नाही तर आहेच फिनेल, जन्मभर.” मला फिनेलमधून सुटायचं होतं. अगदी मनापासून.

“फायदे सांगा,” बापट म्हणाले.

सांगितले. फुलांमधून वाफ सोडायची आणि ती गार करायची. वर तेल तरंगतं, ते अत्तरात जातं. खाली उरतं ते फुलांचं पाणी. खाण्यासाठी केलेलं असेल तर शिऱ्यात, खिरीत, सरबतात थेंबभर घालतात. उशीचे अभ्रे, टॉवेल शेवटच्या पाण्यातून काढताना घालतात. त्याने मन शांत होतं असंही म्हणतात.

“म्हणतात म्हणजे?”

“म्हणजे मी डॉक्टर नाही.”

घरी वापरून बघा म्हणून मी त्यांना खाण्याच्या फुलपाण्याची एक बाटली दिली. दुसऱ्या दिवशी फोन आला. “हिने शिकरणीत घातलं. आई विचारत होती, केळी साबणाने धुतली का.”

“किती घातलं?”

“चमचाभर.”

“मी थेंब म्हटलं होतं.”

“फुकट मिळालेलं पुण्यात कुणी थेंबाने घालत नाही, मॅडम.”

ट्रायल मात्र मंजूर झाली. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मशीन लावलं. शुक्रवारी त्या मजल्याची रिलीज होती, म्हणजे नवं सॉफ्टवेअर क्लायंटच्या हाती द्यायचं होतं. पहिले दोन दिवस झकास गेले. कुणी कुणावर ओरडेना. बापट येईल त्या पाहुण्याला लिफ्टमधून त्या मजल्यावर नेऊन श्वास घ्यायला लावत होते. मी बिल्डिंगचं कोटेशन टाइप करायला घेतलं.

बुधवारी सकाळी फोन. “मॅडम, असाल तशा या.”

सहा जणांनी एकाच वेळी रजा टाकली होती. बापटांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “कारण वाचा. ‘बहार पाहणे’. सिस्टिममध्ये असलं कारणच नाही, म्हणून ‘इतर’मध्ये घातलंय. आणि परवा रिलीज.”

तेवढ्यात मजल्याचा टीम लीड वानखडे आत आला. तो वरूडचा, संत्र्याच्या मुलखातला. बाकीचे पाचही मोर्शी-काटोलकडचे. अत्तराचं फूल कडू संत्र्याचं असतं, त्यांच्या बागेतलं ते नव्हे. पण भाऊबंदच.

“हे तुम्ही लावलं का जी?” त्याने मला विचारलं.

“हो. त्रास होतोय का?”

“त्रास कायचा जी. काल घरी फोन लावला, तर बाबा म्हणे आंबिया फुटला. आंब्याला मोहोर येते ना, तेव्हाच आमची संत्री फुलते. मी म्हटलं, मले हापिसात वास येऊन राहिला. बाबा म्हणे, बाप्पा, डोकं ठिकाणावर हाय ना?” तो हसला. “नोकरी लागल्यापासून बहार पाहिलाच नाही, मॅडम. दिवाळीला जातो, तेव्हा झाडावर फूल नसते.”

मला भरून आलं. माझ्या फिनेलचा वास घेऊन आजवर कुणी वडिलांना फोन लावला नव्हता. पण ट्रायल माझीच होती आणि बुडणारही मीच होते. “मशीन बंद करते,” मी म्हटलं.

“बंद नका करू जी,” वानखडे म्हणाला. “रिलीज उद्याच देतो. मग तर जाऊ द्याल?”

बापटांनी आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग वानखडेकडे. “द्या. मग जा.”

गुरुवारी संध्याकाळी रिलीज गेली आणि पाठोपाठ सहाही जण बॅगा घेऊन बाहेर पडले. टीममधले लोक एवढ्या तातडीने एकमेकांची कामं उचलतात हे बापटांनी पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारी त्यांनी मला बोलावलं. “काम वेळेआधी झालं. वरचे खूश आहेत. बिल्डिंग तुमची.”

“संत्र्याचं फूलच ना?”

“नाव काढू नका. लिंबू लावा. आणि आधी माझ्याकडून कोण कुठल्या गावचं त्याची यादी न्या. लिंबाच्या बागांवाले किती आहेत ते बघू.”

यादी खरंच घेतली. आता कुठल्याही ऑफिसचं काम आलं की मी एसीचा प्रकार विचारण्याआधी माणसं कुठल्या गावची ते विचारते. लोक विचित्र नजरेने बघतात, पण सांगतात. आमच्या प्रेझेंटेशनमधलं एक वाक्य मात्र मी काढून टाकलं. शांत झालेला माणूस जास्त काम करतो, असं त्यात होतं. शांत झालेला माणूस आधी रजा मागतो.