राजेश्वरीच्या गटाला नंबर नाही

पोरानं काढलेलं चित्र हातात आलं की तुमच्या तोंडातून पहिलं काय निघतं, खरं सांगा: "काय काढलंयस?" की "नंबर आला का?" शेळगावात तरी दुसरंच निघतं, आणि त्यापायी राजेश्वरीचं अख्खं वर्ष पाण्यात जायची वेळ आली होती.

राजेश्वरी ऊसवाल्या घरातली. भवानीनगरला शाळेत चित्रकला शिकवायची. ते सोडून तिनं पुण्याला आर्ट थेरपीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला. गाव म्हणालं, म्हणजे डॉक्टर का मास्तर? ती म्हणाली, दोन्ही नाही. माणसाच्या मनात अडकलेलं रंगातनं मोकळं होईस्तोवर त्याच्याजवळ बसायचं. नुसतं बसायचा पगार मिळतो हे ऐकून निम्मं गाव प्रवेश घ्यायला तयार झालं.

पण बसणंच अवघड. कुणाची रेघ वाकडी गेली की तिच्यातली शाळेची बाई उसळायची, खोडरबर घ्यायला हात शिवशिवायचे. चूक काढायची नाही, "छान" म्हणायचं नाही, नंबर तर मुळीच नाही. पुण्यातल्या शिक्षकांनी तिला स्वतःलाच कागदापुढं बसवलं, ती ढसाढसा रडली, तेव्हा कुठं हे तिच्या हाडात मुरलं.

प्रात्यक्षिकासाठी तिनं गावातलेच बायको गेलेले म्हातारे धरले. समाजमंदिरात, दार लावून. बाकीचे कागदावर विहिरी काढत, ट्रॅक्टर काढत. मानसिंग आबा मात्र कागद कोरा ठेवून घरी जायचे. त्यांची बायको, कौसल्याकाकी, गेल्यापासून ते कामापुरतंच बोलत. राजेश्वरी दर वेळी नवा कागद ठेवायची आणि गप्प बसायची.

शेवटी गटाला विचारून रोहिणीमॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, गट बघायला यायच्या ठरल्या. गटाला मोकळं बसता येतंय असं त्यांना दिसलं तर पास, नाहीतर प्रात्यक्षिक पुन्हा पहिल्यापासून. हे राजेश्वरी चुलत्यांपाशी बोलली आणि तिथंच चुकली. बापूसाहेबांचा पुतणीवर जीव, आणि माईकवर त्याहून जास्त. पुण्याची बाई चित्रं बघायला येते म्हणजे स्पर्धाच, आणखी काय?

मॅडमची गाडी वळली तर समाजमंदिरापुढं मांडव. फ्लेक्सवर राजेश्वरीचा हात जोडलेला फोटो, वर 'भव्य चित्रकला स्पर्धा'. ढाली, नारळ, शाल. माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करतंय. म्हातारे इस्त्रीच्या टोप्या घालून रांगेत बसलेले, नव्या नवरदेवासारखे लाजत. राजेश्वरीला हसू आलं, रडू आलं, मग रागच आला. तिनं माईक ओढून घेतला आणि सांगितलं, सगळ्यांनी चहा घ्या, आत फक्त माझी माणसं येतील. दाराला कडी घातली. खिडक्यांतून मोबाइल आत आले. ते तिनं बाहेर ढकलले आणि खिडक्या लावून घेतल्या.

आत रोहिणीमॅडम कोपऱ्यात बसल्या, गटानं सुरुवात केली. आणि त्या सगळ्या गोंधळात मानसिंग आबांनी पहिल्यांदा बोट रंगात बुडवलं. मान वळवून त्यांच्या कागदाकडं बघायचं नाही म्हणून राजेश्वरी नुसती भिंतीवरच्या पालीकडं बघत राहिली. आबा रंगवत होते, मध्येच गालातल्या गालात हसत होते.

तेवढ्यात मागच्या दारानं बापूसाहेब, हातात शाल.

"आबा, तुमचाच पयला नंबर. धरा चित्र वर, फोटू काढू."

आबांनी कागदाची घडी घातली, ओल्या रंगासकट, आणि बंडीच्या खिशात सारली.

"न्हाय दावायचं. माझं हाय ते."

मग काय, सगळ्याच म्हाताऱ्यांनी आपापले कागद टोप्यांनी झाकले. एकानं तर कागदावर बैठकच मारली.

बापूसाहेब शाल घेऊन मधोमध उभे. शाल आणलीय तर कुणाच्या तरी अंगावर पडलीच पाहिजे, म्हणून त्यांनी ती रोहिणीमॅडमवर घातली. मॅडम इतक्या हसल्या की आबाही खो खो हसायला लागले. बंडीवर निळा डाग पसरत चाललेला, त्याचं भान नाही.

मॅडम शालीसकट राजेश्वरीजवळ आल्या. "आबांनी 'माझं' म्हटलं, मला एवढंच बघायचं होतं. झालीस तू पास. काकांना मात्र आवर."

आबा आता बोलतात. दर बैठकीला येतात, रंग कमी पडला तर भांडतात. शेळगावला आलात तर त्यांना भेटा, चहा प्या, पाहिजे तेवढ्या गप्पा मारा. फक्त खिशात काय होतं ते विचारू नका, एवढं माझं ऐका.