रेडिएटरमधलं बोरचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. आणि गोष्ट काय, तर म्हणे गाडीत पाणी घातल्याची! हसाल तुम्ही. हसा — मग पुढचं ऐका.

जळगावात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी नाना मिस्त्रींचं गॅरेज आहे. माझी गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडे. दर सर्व्हिसिंगला ते एकच सांगायचे — "सर, कूलंट कमी व्हयनं तर मन्हाकडे या. बोरनं पानी टाकू नका." बरं नाना, म्हणायचो. आणि घरी येऊन? झाडांना पाणी घालता घालता तोच पाइप रेडिएटरमध्ये. दोन वर्षं! गॅरेज चालत तीन मिनिटांवर, पण तेवढाही कंटाळा. शाळेत पोरांना शिस्त शिकवणारा माणूस मी — काय म्हणायचं याला?

मग एका मे महिन्यात धुळ्याला लग्नाला निघालो आणि पारोळ्याच्या पुढे इंजिन तापलं. काटा चढताना मला दिसत होता. पण मागे सासरची मंडळी, एसी बंद कसा करायचा? रेटली तशीच. बंदच पडली. टोचन करून धुळ्याला नेली. तिथल्या मेकॅनिकने रेडिएटर उघडून दाखवला — आत क्षारांचा पांढरा थर, आमच्या गिझरमध्ये धरतो तस्सा. इंजिन कामातून गेलं होतं. "बोरचं पाणी," तो एवढंच म्हणाला. तेव्हा तिथे मी एकटाच होतो.

मांडवात मेहुण्याने विचारलं, काय झालं? आणि मी — किती सहज! — म्हणालो, नानांनी काम नीट केलं नाही.

झालं. मेहुणा बोलला, बायको बोलली, आठवड्यात कॉलनीभर झालं. शेजारपाजारच्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. मला वाटलं, नाना येतील, भांडतील. भांडायला हवं होतं हो त्यांनी! आले, दारातच उभे राहिले, म्हणाले, "मन्हीच काही चूक व्हई गयी व्हई, सर." माझ्यावर साधा संशयसुद्धा नाही. मला उलट त्यांचाच राग आला. चहा घ्या, म्हणालो.

याला तीन वर्षं झाली. परवा टायरमध्ये हवा भरायला गेलो, तर एक जण इंजिनचं काम घेऊन आला होता. नानांनी त्याला हात जोडले.

"मी आते इंजिनले हात लावत नही, भाऊ. एकदाव या सरनी गाडी मन्हा हातथून बिघडी गयी."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.