उपाशी कॉम्प्युटर

आमच्या कॉम्प्युटरइतकं सज्जन मशीन अख्ख्या बोरगाव मेघेत नाही, असं आईचं मत होतं. बाबांच्या ऑफिसचं पत्र टाइप करा, ताईच्या लग्नपत्रिकेचा मजकूर हवा तितक्या वेळा बदला, बिचारं दुपारभर मुकाट चालायचं. पण आम्ही गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि गाडीनं जरा वेग घेतला, की खट्ट व्हायचं आणि स्क्रीन काळी पडायची. मग काही झालंच नाही अशा थाटात ते आपोआप पुन्हा सुरू व्हायचं.

"पाह्य, मशीनले समजते. तुमाले समजत नाई," आई म्हणायची. तिच्या लेखी हा बिघाड नव्हताच, हे संस्कार होते.

आमचा मात्र जीव टांगणीला लागला होता. ताईचं लग्न मे महिन्याच्या शेवटी होतं आणि त्या गेममधली एकच, अगदी शेवटची रेस आमची बाकी होती. गाडी मी आणि ताई मिळून चालवायचो. एका कीबोर्डवर दोन ड्रायव्हर. बाणांची बटणं माझी, म्हणजे वेग आणि वळणं माझी. स्पेसबार तिचा, म्हणजे हँडब्रेक तिचा. कठीण वळणावर तिनं उशीर केला तर मी सरळ भिंतीत जायचो, घाई केली तर गाडी गिरक्या घ्यायची, आणि दोन्ही वेळा भांडण व्हायचंच. नागपूरच्या मामानं दिवाळीला नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलं तेव्हा कुठे हा गेम चालू लागला होता, आणि तेव्हापासूनच मशीन बंदही पडू लागलं होतं. छोट्या रेस कशाबशा निघाल्या. शेवटची लांबलचक होती, त्यात पाऊस, त्यात रस्त्यावर गाड्यांची गर्दी.

ताई यवतमाळला सासरी गेली की स्पेसबारवर कोण बसणार? मला ती रेस तिच्याशिवाय जिंकायची नव्हती. हे तिला सांगायची लाज वाटली म्हणून मी म्हणालो, "जायच्या आधी संपव, नाई तर लोक म्हणतीन, पोरगी काम अर्ध्यात टाकून गेली."

बाबांचं निदान तयार होतं: लाइन, म्हणजे वीज. आमच्याकडे मिक्सर जळाला तरी लाइन आणि टीव्हीत मुंग्या आल्या तरी लाइन. त्यांनी फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला जोडला. स्टॅबिलायझरचा काटा जागचा हलला नाही, रेस मात्र पहिल्याच पुलाच्या अलीकडे आटोपली. बिनस्टॅबिलायझरचा फ्रिज आईनं भीतीपोटी बंद ठेवला होता, त्यामुळे दूध नासलं ते वेगळंच.

मग माझं निदान: ऊन. मे महिन्यात वर्ध्यात धडधाकट माणूस चक्कर येऊन पडतो, तिथं मशीनची काय कथा! मी सीपीयूचं झाकण काढलं आणि तो थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवला. वाळ्याचा वास, गार वारा आणि त्यात पाण्याचे बारीक तुषार. ताई ओरडतच आली.

"अरे, पाणी चाललं न आत! काऊन जीव घेऊन राह्यला त्याचा?"

तिनं तो उचलून कोपऱ्यात नेला, पुसून वाळवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात गेम लावायला सांगितलं. तेव्हाही खट्ट झालंच. म्हणजे ऊनही निर्दोष सुटलं.

ताई फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली होती, आणि या गोष्टीचा तिला घरात आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता. आता तिला चेव चढला. उघड्या सीपीयूत हात घालून तिनं सीडी रायटरची वायर ओढून काढली आणि म्हणाली, "आता लाव." गाडी पूल ओलांडून गेली. नंतर तिनं मागचा जादा पंखा काढला, फ्लॉपीची वायर काढली. गाडी बोगद्यापर्यंत पोचली आणि मग खट्ट.

"कळलं," ताई म्हणाली. "याले खायले पुरून नाई राह्यलं."

सीपीयूच्या वरच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी असते, एसएमपीएस. भिंतीतून आलेली वीज ती आतल्या सगळ्यांना वाटून देते. आमची पेटी कॅबिनेटबरोबर फुकट आलेली. टायपिंगपुरतं तिचं भागत होतं. गेम लागला की मामाचं नवं कार्ड पानावर बसायचं, पेटीची ताकद संपायची आणि सगळ्यांचंच ताट उचललं जायचं. "चौघायच्या भातात आपण वरात बसवली जेवाले," ताईनं निकाल दिला.

आम्ही बाबांकडे नव्या एसएमपीएसची मागणी केली.

"पत्रिका टाइप होते न? मंग झालं त," बाबा म्हणाले.

"चांगल्या वळणाचं मशीन काऊन बिघडवता?" आईनं पुस्ती जोडली.

म्हणजे आमचा बिघाड त्यांच्या सोयीचा होता. तो गैरसोयीचा झाल्याशिवाय दुरुस्त होणार नव्हता. त्या दिवशी ताई फारसं बोलली नाही. ती गप्प बसली की मला भीती वाटते. संध्याकाळी तिनं काढलेल्या वायरी पुन्हा जोडल्या आणि मैत्रिणीकडून एक सीडी आणली. तीत एक स्क्रीनसेव्हर होता: काचेची टाकी आणि तीत पोहणारे मासे, खवल्यांसकट. हे मासे हलवायचं कामही मामाच्या कार्डाचंच होतं.

बाबा माशांच्या प्रेमात पडले. ऑफिसातून आले की हातपाय धुवायच्या आधी मासे. शेजारच्यांना बोलावून मासे. ताईनं सुरुवातीला मोजकेच सोडले होते, ते पेटीला झेपत होते.

"अजून टाकता येते काय?" एके दिवशी बाबांनी विचारलं.

येत होते. ताईनं त्यांना आकडा कुठे वाढवायचा ते दाखवलं आणि आम्ही दोघांनी अंग काढून घेतलं. पुढचं सगळं बाबांनी स्वतःच्या हातानं केलं, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

रविवारी यवतमाळहून व्याही आले. पोहे झाले, चहा झाला, आणि बाबांना राहवेना.

"या जी, आमचे मासे पाहा."

व्याही खुर्ची ओढून बसले. ताईच्या सासरच्यांसमोर हात आखडता कशाला घ्यायचा म्हणून बाबांनी आकडा पार शेवटापर्यंत नेला. टाकी गजबजली. मागून एक शार्क आला. व्याही "वा, वा" म्हणाले आणि खट्ट.

"लाइन गेली वाटते जी," व्याही म्हणाले.

"हो जी, इकडं लाइनचा लय तरास आहे," बाबांनी लगेच दुजोरा दिला.

मग सगळ्यांच्या माना हळूहळू वर गेल्या. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. खिडकीतला कूलर घोंघावत होता. ताई रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती, लग्न ठरलेल्या मुलीनं उभं राहावं तशी खाली मान घालून. फक्त ट्रेमधले कप किणकिणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक दारात हजर. त्यानं मशीन चालू केलं, मान हलवली आणि म्हणाला, "फॉर्मेट मारा लागते."

बाबांचा चेहरा उतरला, कारण फॉर्मेटमध्ये आतलं सगळं पुसलं जातं आणि पत्रिका आत होती. ताईनं गोड आवाजात विचारलं, "भाऊ, फॉर्मेट मारल्यानं एसएमपीएसची ताकद वाढते काय?" त्यानं तिच्याकडे पाहिलं, झाकण काढून पेटीकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं दुकानातून नवा एसएमपीएस आणून बसवला. हातात चांगला जड लागत होता. बाबांनी एकजात सगळे मासे सोडले. मशीन ढिम्म हललं नाही.

आता रेस लावायची तेवढी बाकी होती, आणि नेमके पाहुणे येऊन धडकले. रोहणा गावची आत्या दोन पेट्या घेऊन आली ती कॉम्प्युटरच्या खोलीतच उतरली. कीबोर्डवर आहेराच्या साड्यांचा ढीग पडला. उठता बसता कुणी ना कुणी ताईला हाक मारायचं. मेंदीचा दिवस उजाडला तेव्हा मी आशा सोडली होती.

दुपारी सगळ्या बायका कूलरसमोर आडव्या झाल्या. ताईनं पायानंच दार ढकललं आणि आत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीनं भरलेले, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे वर धरलेले.

"लाव."

"अन् हँडब्रेक?"

"तूच मार. मी सांगीन तवा."

मी साड्या बाजूला केल्या. रेस सुरू झाली. पूल गेला, बोगदा गेला. खट्ट झालं नाही. ताई माझ्या खांद्यावरून ओरडत होती, "आता! अरे, आता म्हटलं न!" पण तिनं म्हणायचं आणि मी मारायचं यात प्रत्येक वळण निसटत होतं. शेवटच्या वळणाला आमच्या पुढे एकच गाडी उरली. मी तिच्या आवाजाची वाट पाहत राहिलो. आवाज आलाच नाही. तिचा हात आला. ओल्या मेंदीचा अख्खा तळवा नेमक्या क्षणी स्पेसबारवर बसला, गाडी अलगद वळली, आणि आम्ही पहिले आलो.

आमच्या ओरडण्यानं आई धावत आली आणि तिनं ताईचा हात पाहिला.

"अवं, काय केलं हे! उद्या लोक हात पाह्यतीन न तुये!"

ताई हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. फिसकटलेली मेंदी पुन्हा काढून घ्यावी लागणार होती, म्हणून आईनं तिला हात धुवायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ताई गाडीत बसली तेव्हा आई रडली, आत्या रडली, बाबांनी तर व्याह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी कोरडा उभा होतो. आत्यानं "पोरगं दगडाचं आहे" असंही म्हणून घेतलं. तिला कोण सांगणार? माझं आदल्या दुपारीच रडून झालं होतं, ताई हात धुवायला गेली आणि अख्खा कीबोर्ड माझ्या एकट्याच्या वाट्याला आला तेव्हा.